अनुभव धागा : न्यूमोनिया गेला, धाप राहिली. रक्त बघितलंत का?

नौपाडा_कट्टा
आज ठाण्यात तलावपाळीला एक आजोबा दर दहा पावलांना कठड्याला टेकत होते आणि मुलगा बोटाला ऑक्सिमीटर लावून म्हणत होता, "बाबा, सत्त्याण्णव आहे, चला!" वॉर्डातले जुने दिवस आठवले, म्हणून धागा. ते यंत्र रक्तात असलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय (सॅच्युरेशन) एवढंच सांगतं. मुळात आहे किती, हे नाही. एचबी (म्हणजे हिमोग्लोबिन) 14 आणि सॅच्युरेशन 97 असेल तर 100 मिली रक्तात साधारण 18 मिली ऑक्सिजन. एचबी 8 असेल तर त्याच 97 ला जेमतेम साडेदहा. सगळ्या लोकल खच्चून भरलेल्या, पण निम्म्या रद्द. जाणकारांनी भर घाला.

घणसोलीकर
मध्य रेल्वेला इथेही सोडलं नाहीत 😂

लॅबवाली_नेरूळ
एचबी पुरुषात 13 च्या खाली, बाईत 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. "वयामुळे असतं थोडं" हे चालवून घेऊ नका.
आता फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) गोची. संसर्गात यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढवतं, ते लोहाला कुलूप लावतं. आतड्यातून लोह नीट शोषलं जात नाही आणि साठ्यातलंही बाहेर येत नाही. वर फेरिटिन सूज असली की आपोआप चढतं. म्हणून ॲडमिट असताना फेरिटिन 150 आलं तरी "लोह भरपूर" म्हणू नका. सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) बघा. हे सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी असल्याची शंका घ्या आणि सीआरपी उतरल्यावर, दीड-दोन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा करा. बी12 पण करा, विशेषतः शाकाहारी असतील किंवा शुगरची मेटफॉर्मिन, ॲसिडिटीची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर.

औषधवाला_घोडबंदर
घाईत लिहितोय, गिऱ्हाईक उभं आहे. लोहाची गोळी आणि लिव्होफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन एकत्र घेतली की पोटात दोघं एकमेकांना धरून बसतात, अँटिबायोटिक वाया. मध्ये निदान 2-3 तास ठेवा. चहा, दूध, कॅल्शियम, अँटासिड यांच्यापासूनही लांब. सकाळची गोळी चहाबरोबरच घेतात सगळे!! बद्धकोष्ठ झालं तर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एचबी नॉर्मल आल्यावरही साधारण 3 महिने, साठा भरायला.

नौपाडा_कट्टा
आणि लोहाच्या गोळीने शी काळी होते, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल, त्यात गुडघ्यासाठी पेनकिलर चालू असेल, तर तो रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

फिजिओ_वाशी
तीन चेंडूंचं खेळणं (श्वासाच्या व्यायामाचा स्पायरोमीटर) घरोघरी असतं आणि निम्मे लोक त्यात फुंकतात 🤦‍♀️ फुंकायचं नाही, ओढायचं! ताठ बसायचं, पूर्ण श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट, सावकाश ओढायचं, चेंडू वर गेला की 2-3 सेकंद धरायचं. जागेपणी तासाला 10 वेळा. चेंडूंपाशी 600, 900, 1200 लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला तितके मिली हवा. पहिला एकच नीट टिकला तरी चालेल, झटका मारून तिन्ही उडवण्यात अर्थ नाही. चक्कर आली तर थांबा. एचबी 8 च्या आसपास असेल तर आधी खुर्चीतून उठ-बस, जिना नंतर.

सीवूड्स_आजी
किती दिवस लागतात हो बरं व्हायला?

फिजिओ_वाशी
ताप आठवड्यात जातो, खोकला-धाप कमी व्हायला दीड महिना, थकवा 3 महिनेसुद्धा राहतो काकू. पन्नाशीपुढच्यांचा एक्स-रे साधारण 6 आठवड्यांनी पुन्हा काढतात. घाईने दर आठवड्याला काढू नका, डाग सावकाश जातो.

माजिवडा_मंदा
चालायला न्यायचं कुठे पण, घोडबंदरला धूळच धूळ

घणसोलीकर
नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत या. पार्किंगचं मात्र विचारू नका.

लॅबवाली_नेरूळ
एक राहिलं. म्हाताऱ्या माणसांत संसर्ग उलटला तर ताप येईलच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण टाकणं हीच खूण असते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. 30 च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका.

सीवूड्स_आजी
आणि बीट-खजूर? सगळे तेच सांगतात.

औषधवाला_घोडबंदर
बिटाचा रंग लाल, लोह बेताचं. त्यापेक्षा कलेजी, नाहीतर अळीव, वर लिंबू पिळून. गोळीची जागा मात्र कशानेच भरत नाही.

माजिवडा_मंदा
अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे हं, साध्या पाण्यात लाडवाला चव येत नाही. वाटीभर अळिवांना दोन नारळ लागतात.

घणसोलीकर
पत्ता सांगा, लाडू न्यायला येतो.