टायरच्या हवेचा पिवळा दिवा: तुमचे अनुभव लिहा

निळी_छत्री

नाशकात थंडी उतरली आहे. काल सकाळी पार्किंगमध्ये शेजारच्या मुलीच्या नव्या गाडीत तो घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला. "काका, हा बंद कसा करायचा?" म्हणून ती वर विचारायला आली आणि मला एकदम बाबा आठवले.

बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. डेपोतून गाडी काढायच्या आधी हातात टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन गाडीभोवती चक्कर मारायचे आणि प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचे. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक उतरलं तरी बाहेरून पटकन कळत नाही, ते आवाजावरूनच ओळखायचं. भरलेला टायर टणक बोलतो, उतरलेला भद्द. शाळेला सुट्टी असली की मी मागे मागे फिरायचो, आणि "हं, सांग बघू" म्हणून ते माझी परीक्षा घ्यायचे.

तर, मुलीला दिवा घालवायचा होता. मी म्हटलं, आधी हवा मोजायचं गेज आण. तीन चाकं २९-३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), मागचं डावं २४. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर ३३ लिहिलेलं. खिळाबिळा नव्हता. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावली तर बारीक बुडबुडा फुगला. पिन सैल होती. ती आवळली, चारही चाकांत हवा भरली आणि मगच मेनूत जाऊन कॅलिब्रेशन, म्हणजे रिसेट, केलं.

हा क्रम सगळ्यांना कळावा म्हणून धागा काढतोय. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या आत हवेचा सेन्सर नसतोच. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो आणि ते बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. ब्रेकच्या एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर ते मोजतात आणि दिवा लावतात. अशा गाडीत रिसेट करणं म्हणजे "आत्ता आहे तीच हवा बरोबर" असं गाडीला शिकवणं. हवा कमी असताना बटण दाबलंत तर ती कमी हवाच बरोबर धरून बसते आणि पुढे गप्प राहते. दिवा विझला म्हणून लोक निर्धास्त समृद्धीवर १२० ने निघतात, याची मला खरंच काळजी वाटते.

तुमचे अनुभव लिहा. दुचाकी, ट्रक, परदेश, काहीही चालेल.

गोदाकाठ

एस.टी.चं वाचून छान वाटलं. आमच्या मामांच्या सीटखाली कायम टॉमी असायची. टायरला कमी आणि कुत्र्यांना जास्त उपयोग व्हायचा 😄

कोकणकडा_७

कशेडी घाट उतरून पोलादपूरच्या अलीकडे. स्क्रीनवर पुढचं डावं २६, बघता बघता २४. गाडी कडेला घेतली, पार्किंग लाइट लावले, उतरून पुढचा टायर बघितला तर ठणठणीत. हाताने चाचपला, काही नाही. सेन्सर बिघडला म्हणून परत बसणार तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, मागचा बघा." मागच्या डाव्यात हा एवढा स्क्रू!

झालं होतं असं की सर्व्हिसिंगला टायर रोटेशन केलेलं, पुढचे मागे, मागचे पुढे. आमच्या गाडीत सेन्सर चाकाच्या आत आहेत, ते चाकाबरोबर हलले. पण गाडीच्या डोक्यात जागा जुन्याच. रोटेशननंतर स्कॅनर लावून कोणता सेन्सर कुठे बसलाय ते पुन्हा नोंदवावं लागतं, ते कुणी केलंच नव्हतं. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप ओळखतात, आमची त्यातली नाही. तेव्हापासून मी चारही टायर बघतो, स्क्रीन काहीही म्हणो.

पोळीभाजी

बापरे. आमच्या गाडीचं रोटेशन दिवाळीत झालंय. विचारते यांना. कुकर लावलाय, बाकीचं नंतर वाचते. रुमाल 🙋

मोगरा_एडिसन

आमच्याकडे न्यू जर्सीत हा दिवा म्हणजे थंडीची वर्दी. नोव्हेंबरात पहिल्यांदा पारा शून्याखाली गेला की अर्ध्या कॉलनीच्या गाड्यांत एकाच सकाळी लागतो. साधारण साडेपाच अंश सेल्सिअस तापमान उतरलं की एक पीएसआय हवा कमी दिसते. सप्टेंबरच्या उकाड्यात भरलेली ३३ थंडीत २७-२८ वर येते, काहीही गळत नसताना.

आणि इथली गंमत ऐका. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, माणूस येऊनच भरतो. पण हवा? ती तुमची तुम्ही! कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढून त्या बारक्या टोप्या फिरवायच्या. त्यात कुणीतरी हौसेने चकचकीत धातूच्या टोप्या लावलेल्या असल्या की रस्त्यावरच्या मिठाने त्या व्हॉल्व्हला अशा घट्ट चिकटतात की काढताना व्हॉल्व्हच तुटतो. सेन्सर व्हॉल्व्हलाच जोडलेला, म्हणजे तोही गेला. प्लॅस्टिकच्या साध्या टोप्याच उत्तम.

अमेरिकेत हे सक्तीचं झालं त्यामागे खरी माणसं गेली आहेत. फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोररचे अपघात गाजले, त्यानंतर २००० साली कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत ही यंत्रणा आली. पण नियम असा की ठरलेल्या हवेच्या २५ टक्के खाली गेल्यावर दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे ३३ ची हवा २५ च्या खाली आल्यावर! दिवा नाही म्हणजे हवा बरोबर, असं समजू नका प्लीज.

रानवाट

मोगराताई, +१. २५ टक्क्यांचं माहीत नव्हतं.

खानदेशी_ठेचा

आमच्याकडे उलटी तऱ्हा. जळगावचा मे महिना, ४४ अंश, हायवेवरून आलो की स्क्रीनवर ३९-४० दिसते. पंपावरचा पोरगा लगेच म्हणतो "साहेब, जास्त आहे, काढू का?" अजिबात काढू देऊ नका! गरम टायरची हवा जास्तच दिसणार. तेव्हा काढली की सकाळी २८. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, गाडी तीनेक तास उभी असताना मोजायचा. मी पहाटे मोजतो, चहाच्या आधी.

अजून एक. टायरच्या अंगावर ४४ नाहीतर ५१ असा आकडा कोरलेला असतो. ती त्या टायरची कमाल मर्यादा, भरायची हवा नव्हे. आमच्या चुलत्यांना हे पटवायला लग्नाच्या पंगतीत वाद झाला होता, जिलेबी थंड झाली.

रानवाट

नायट्रोजन भरला तर हा त्रास होत नाही ना? समृद्धीसाठी सगळे तेच सांगतात.

खानदेशी_ठेचा

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो दादा. तापलं की तोही फुगणार. फायदा एवढाच की तो कोरडा असतो, आत ओल राहत नाही, आणि गळतीही जरा सावकाश. वाईट काही नाही, पण नायट्रोजन आहे म्हणून तपासायचं सोडू नका. आणि कमी पडला तर साधी हवा बिनधास्त मिसळा. नायट्रोजन मिळेना म्हणून कमी हवेवर गाडी चालवणारे लोक बघितलेत मी.

शेतावरचा

आम्ही तर टायरमध्ये पाणी भरतो. चेष्टा नाही, ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरात भरतात, वजन येतं, नांगरताना चाक घसरत नाही. उरलेल्या जागेत हवा. आता त्याला कुठला सेन्सर सांगणार 😀

पोळीभाजी

पाणी??? खरंच?

शेतावरचा

हो ताई. पाऊण टायर पाणी. पंक्चर झालं की आधी आंघोळ, मग दुरुस्ती.

हवापाणी_सातारा

टायरच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक मधे मधे येतंय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

दिवा कसा लागतो ते आधी बघा. चालू केल्यावर स्थिर लागला तर हवा कमी. पण मिनिटभर, सव्वा मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड हवेत नाही, यंत्रणेत आहे. सेन्सरची बॅटरी संपली असेल, सेन्सर तुटला असेल, नाहीतर स्टेपनी लावलेली असेल, कारण बहुतेक स्टेपन्यांत सेन्सर नसतो. लोक लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी हवा भरत बसतात आणि दिवा काही जात नाही.

बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं जाते. ती आत सीलबंद असते, बदलता येत नाही, सेन्सरच बदलायचा. एकाची गेली की बाकीच्यांची पाठोपाठ येतेच. म्हणून गाडी जुनी असेल आणि टायर बदलायला आलाच असाल तर तेव्हाच बघून घ्या, टायर दोनदा उघडायचे पैसे वाचतात.

हात जोडून एक विनंती. चाक खोलायच्या आधी पंक्चरवाल्याला सांगा की आत सेन्सर आहे. व्हॉल्व्हच्या मागे, रिमला लागून अंगठ्याएवढी डबी असते. टायर फोडताना यंत्राचं पातं किंवा पहार व्हॉल्व्हजवळ दाबली की ती डबी चिरडलीच. आम्ही व्हॉल्व्हच्या जागी खडूने फुली मारतो आणि तिथून लांब सुरुवात करतो. बाटलीतलं पंक्चरचं जेल घालणार असाल तर सेन्सरला चालेल असं त्यावर लिहिलंय का बघा. नाहीतर ते सेन्सरच्या भोकात जाऊन सुकतं. मी कितीतरी सेन्सर सुईने कोरून साफ केलेत, सगळे वाचत नाहीत.

आणि हवा भरल्याबरोबर दिवा गेला नाही म्हणून घाबरू नका. उभ्या गाडीत आतले सेन्सर झोपलेले असतात, थोडं चालवल्यावर नवा आकडा पाठवतात. पाच-दहा किलोमीटर जाऊ द्या.

निळी_छत्री

सातारकर, मनापासून आभार. लुकलुकणं आणि स्थिर यांतला फरक प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवा.

आंबट_गोड

आमच्या जुन्या गाडीला मी बाहेरून लावायचे सेन्सर घेतले होते, व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे, डॅशबोर्डवर सोलरचा छोटा डिस्प्ले. चालतात उत्तम. पण ठाण्यात रस्त्यावर पार्किंग, दोन टोप्या चोरीला! मग सोबत आलेलं आतलं नट आवळलं. चोर थांबले, पण हवा भरताना दर वेळी तो बारका पाना शोधायचा. पाना सुनेच्या शिवणाच्या डब्यात सापडतो.

श्वार्झवाल्ड_वाडा

जर्मनी. इथे "ओ बिस ओ" म्हणतात, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. बहुतेकांकडे चाकांचे दोन अख्खे संच असतात. नोव्हेंबर २०१४ पासून नव्या गाड्यांना टायर प्रेशरची यंत्रणा सक्तीची, त्यामुळे चाकात सेन्सर असलेली गाडी असेल तर हिवाळी संचातही सेन्सर हवेत. नाहीतर वर्षातले सहा महिने दिवा आणि तपासणीत नापास. माझी एबीएसवाली आहे, चाकं बदलली, हवा भरली, बटण दाबून धरलं, झालं. फक्त एक गोष्ट: जुन्या एबीएसवाल्या यंत्रणांना चारही टायर सारखेच उतरले तर पत्ता लागत नाही, कारण त्या चाकांची एकमेकांशी तुलना करतात. म्हणून महिन्यातून एकदा गेज.

इकडे मिसळ मिळत नाही, नाशिकचं नाव वाचून भूक लागली.

गोदाकाठ

या की जानेवारीत. चुलीवरची खाऊ घालतो.

मस्कतकर

गोदाकाठ, आम्हालाही धरा.

माझा अनुभव: अमेरिकेतून आलेली सेकंडहँड गाडी घेतली, आखातात अशा भरपूर येतात. एक सेन्सर मेला, दुकानात नवा बसवला, दिवा लुकलुकतच राहिला. पुन्हा पुन्हा स्कॅनर, उपयोग शून्य. शेवटी एका मलबारी मेकॅनिकने चाक उघडून सेन्सरवरचे बारीक आकडे वाचले. अमेरिकेतले सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपकडचे आणि आपल्याकडचे ४३३ वर. गाडीला ऐकूच येत नव्हतं. ३१५ चा मागवला, पहिल्या फेरीत दिवा गेला. त्या भल्या माणसाने चाक उघडण्याचेच पैसे घेतले.

रानवाट

गाडीत ठेवायचा हवेचा पंप कुठला घ्यावा? बारा व्होल्टवाला की चार्जिंगचा?

हवापाणी_सातारा

बारा व्होल्टवाला. चार्जिंगचा नेमका नको तेव्हा उतरलेला असतो. एक-दोन पीएसआय इकडेतिकडे दाखवतात, म्हणून साधा गेजही ठेवा, दोनशे-तीनशेचा. आणि स्टेपनी! स्टेपनीत कुणी हवा बघत नाही. तिला दिवा नाही ना.

कोकणकडा_७

हल्ली काही गाड्यांत स्टेपनीच नसते. टायर प्रेशरची यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर चालतं, २०२० मध्ये नियम बदलला. घाटात रोज जाणाऱ्याने घेताना डिकी उघडून बघावं.

मोगरा_एडिसन

घाट म्हटलं की मला कशेडीच्या पावसाळ्याची आठवण येते. आता बोगद्यातून जातात ना सगळे?

कोकणकडा_७

हो, पण आम्ही कधी कधी मुद्दाम वरूनच जातो. जुलैत धबधबे असतात.

पोळीभाजी

कुकर उतरवून खाली जाऊन आले. चारही टायर ३१-३२, थोडी भरायचीय. रोटेशननंतर नोंद केली का, ते सर्व्हिसवाल्यांना उद्या फोन करून विचारणार. आणि सातारकर दादा, स्टेपनीत १४! आता पंपावर निघालोय, सासूबाई म्हणतायत येताना कोथिंबीर आणा.