अनुभव धागा : विलायतेतल्या जुन्या हवेल्यांच्या बागा आणि आपला कॅमेरा

रेडिंगकर (धागा काढणारी)

उन्हाळा आला की आमच्याकडे पाहुण्यांची रांग लागते आणि लंडन उरकलं की प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला, ‘आता पुढे काय?’ माझंही उत्तर ठरलेलं आहे. गाडी काढा आणि एखाद्या जुन्या उमरावाची बाग बघून या. घर नव्हे, बाग. घरात झुंबरं, तैलचित्रं आणि दोरी बांधलेल्या खुर्च्या असतात. दोन-तीन घरं पाहिली की कुठलं कुठलं होतं ते आठवत नाही. बागांचं तसं होत नाही.

तर तुम्ही पाहिलेल्या बागांबद्दल लिहा. कुठे उभं राहून फोटो काढलात, उजेड कसा होता, काय खटकलं, सगळं चालेल. माहितीपत्रकातला मजकूर मात्र नको, तो गेटवर मिळतोच.

सुरुवात माझ्या लाडक्या स्टोअरहेडपासून. विल्टशर परगण्यात आहे. लंडनच्या होर बँकेच्या घराण्यातल्या हेन्री होरने १७४० च्या दशकात हे काम काढलं. ओढ्याला बांध घालून तळं केलं आणि तळ्याकाठी अंतराअंतरावर देवळं बांधली, पुढे पूलही. देवळं कसली, देखावेच ते! गावाकडून आत शिरलात की हिरवळीचा उतार, समोर पाच कमानींचा गवताळ पूल, पाण्यापलीकडे पँथिऑन नावाच्या देवळाचा घुमट. हा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणारच. सगळ्यांचे फोटो इथे सारखेच येतात, कारण उभं कुठे राहायचं ते होरसाहेबांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलंय. आधी चौकट ठरली, मग झाडं लागली. मला त्याचा राग येत नाही. उलट ती नेमकी जागा सापडली की दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरकून बघायचं. पूल घुमटावर चढतो, किनाऱ्याची रेघ तुटते, आणि माणसाने किती हिशेबाने हे मांडलंय ते कळतं.

उजेडाचं सोपं आहे. पूल पूर्वेला, पँथिऑन पश्चिमेला. सकाळी पुलाकडून पलीकडे बघा, ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि वारा नसेल तर घुमट पाण्यात अख्खा उतरतो. दुपारनंतर पँथिऑनच्या पायऱ्यांवरून उलट बघा. पूल, चर्च आणि गावातली घरं उजळून निघतात. वाटेत एक कृत्रिम गुहा आहे. आत पाझरतं पाणी, निजलेल्या अप्सरेचा पुतळा, आणि भिंतीला वेडंवाकडं भगदाड, त्यातून तळं दिसतं. फोन इथे अंधार आणि उजेड दोन्ही दाखवायचा अट्टाहास करतो आणि फोटो बेचव होतो. बाहेरच्या पाण्यावर बोट ठेवून उजेड तिथला घ्या, गुहा काळी पडू द्या.

जळगावकर (सध्या शेफील्ड)

चॅट्सवर्थ आमच्यापासून जवळ, म्हणून वरचेवर जाणं होतं. लोक तिथे धबधब्याच्या पायऱ्या आणि कारंजं बघायला येतात. मी पहिल्यांदा गेलो ते केळीसाठी! हसू नका.

हे डेव्हनशरच्या ड्यूकचं घर. घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. जोसेफ पॅक्स्टन १८२६ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी इथला मुख्य माळी झाला. त्याने १८३० च्या दशकात काचघरात मॉरिशसकडून आलेली ठेंगणी केळ वाढवली, तिला घड आणला आणि मालकाचं नाव दिलं. आमच्या आजोबांच्या मळ्यातली बसराई म्हणजे तीच ठेंगणी कॅव्हेंडिश. आज रावेर-यावल पट्ट्यात जी ग्रँड नैन लागते, आपली ‘जी-नाइन’, तीही त्याच कुळातली. बापूंना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “मंग रॉयल्टी कोन्हाले देवाची?”

फोटोचं म्हणाल तर कारंजं. रशियाचा झार येणार म्हणून पॅक्स्टनने १८४४ मध्ये ते उभारलं. झार काही आला नाही. पंप नाही, काही नाही. डोंगरावर तळं खणलं, पाणी नळातून खाली सोडलं आणि नुसत्या उताराच्या दाबावर ते उसळतं. पूर्ण जोरात २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. शेतकऱ्याच्या पोराला यात जास्त रस, फुलात कमी. कॅमेऱ्यात मात्र उंची कळत नाही, नुसता पांढरा फराटा येतो. शेजारी झाड किंवा माणूस हवाच. शटर एक हजारांशाच्या पुढे ठेवला तर थेंब सुटे दिसतात. आणि वारा कुठून वाहतोय ते आधी बघा. लेन्स पुसण्यात निम्मा वेळ जातो.

पॅक्स्टनचं भलंमोठं काचघर आता नाही, १९२० मध्ये पाडलं. पहिल्या महायुद्धात त्याला तापवायला कोळसा मिळाला नाही आणि आतली झाडं मेली. लंडनचा क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल बांधण्याआधी याच माणसाने हात बसवला तो इथे.

नाशिककरीण

केळीवरून आठवलं. कॉट्सवोल्ड्समध्ये सेझिंकोट म्हणून जागा आहे, आपल्या लोकांनी जरूर बघावी. सासूबाई आल्या होत्या, त्यांना घेऊन गेले. झाडीतून वळण घेतलं की समोर नारिंगी छटेचा दगड, वर तांब्याचा हिरवट घुमट, छज्जे, कोपऱ्यांत छत्र्या. आणि भोवती इंग्लंडातल्या मेंढ्या!

सर चार्ल्स कॉकरेल कंपनी सरकारच्या नोकरीत पैसा करून आला आणि १८०५ च्या सुमारास भावाकडून हे घर बांधून घेतलं. भाऊ वास्तुविशारद, तो कधी भारतात आलेला नव्हता. बागेच्या आराखड्यासाठी थॉमस डॅनिएल, जो पुतण्याबरोबर भारतभर चित्रं काढत हिंडला होता. पुढे इंग्लंडचा युवराज इथे येऊन गेला आणि मग ब्रायटनचा त्याचा महाल, तो पॅव्हेलियन, तसा झाला.

ओढ्यावर पूल आहे, त्याच्या कठड्यावर नंदी बसलेत. सासूबाईंनी चपला काढायच्या बाकी ठेवल्या. म्हणाल्या, “अगं, नंदी आहे तर पिंड कुठंय?” मग आम्ही पुलाखाली उतरलो. तिथे पाण्यात पाय ठेवायला दगड मांडलेत, त्यांवरून खांबांच्या मधून जाता येतं. जाडजूड, बुटके खांब बघून त्या लगेच म्हणाल्या, “हे घारापुरीसारखं आहे.” घरी येऊन शोधलं तर डॅनिएल काका-पुतणे १७९३ मध्ये खरोखर घारापुरीला जाऊन आले होते. खाली डबक्यात झाडाच्या बुंध्याला वेटोळं घातलेला तीन फण्यांचा नाग, वर टोकाला छोट्या देवळात सूर्य.

फोटो सगळ्यांत चांगला आला तो पुलाखालून, खांबाच्या अंधारात सासूबाई आणि मागे उन्हातलं पाणी. वरून काढले ते नुसते पुरावे म्हणून ठीक. खाजगी मालकी आहे, बाग ठराविक वारीच उघडी असते, दिवस बघून जा. आम्ही घरात गेलोच नाही, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

कार्डिफकर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. वेल्समधला पॉविस किल्ला बघा. खडकावर लाल किल्ला, खाली एकाखाली एक गच्च्या, आणि त्यांवर शेकडो वर्षांची यू नावाची सदाहरित झाडं, छाटून छाटून ढगांसारखी फुगवलेली. सप्टेंबरात फुलांचे ताटवे ऐन भरात असतात. खालच्या हिरवळीवरून लांब लेन्स लावली तर गच्च्या एकमेकींवर रचल्यासारख्या येतात. असा देखावा इंग्लंडात मला तरी दिसलेला नाही.

मग आत जा. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाचं लग्न या घराण्यात झालं. तो १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता, आणि श्रीरंगपट्टण पडलं ते त्याच काळात. टिपूचा तंबू इथे आहे. फुलाफुलांची नक्षी असलेलं कापड. त्यानंतर पुन्हा गच्चीवर येऊन डेलियाचे फोटो काढवत नाहीत. मला काढवले नाहीत. बायकोने काढले, छान आलेत.

अशा जुन्या वास्तू आणि बागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये स्वतःच एक अहवाल काढला, त्यात वसाहती आणि गुलामगिरीशी संबंध असलेली त्यांची ९३ ठिकाणं मोजली आहेत. बरीच बोंबाबोंब झाली त्यावर. आणि रेडिंगकर, तुमच्या होर बँकेनेही १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअरांच्या फुग्यात वेळीच शेअर विकून भरपूर कमावलं होतं. तळं सुंदरच आहे. पण होरसाहेबांचा हिशेब म्हणालात म्हणून हाही हिशेब.

रेडिंगकर

मान्य. देवळं पैशाशिवाय होत नाहीत, इथेही आणि आपल्याकडेही.

पुणेकर (कॅमेरावाला)

इथे तंत्राचं कोणी फारसं लिहीत नाही म्हणून लिहितो. केंटमधलं सिसिंगहर्स्ट, तिथली पांढरी बाग. १९३० मध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरॉल्ड निकल्सन या लेखक जोडप्याने पडकी जागा घेतली. हॅरॉल्डने रेषा आखल्या, व्हिटाने त्या रेषांच्या आत झाडांचा मुक्त गोंधळ घातला. प्रत्येक भाग कुंपणाने वेगळा, एका दालनातून दुसऱ्यात जावं तसा. आधी मनोऱ्यावर चढा. वरून आखणी कळते, मग खाली उतरून गोंधळात शिरा. उलट केलंत तर नुसती फुलं दिसतात.

पांढऱ्या फुलांची अडचण अशी, की मागे गर्द कुंपण असतं. कॅमेरा त्या काळोखाला भुलतो, उजेड वाढवतो आणि पाकळ्या पार धुऊन निघतात. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नका, एक्स्पोजर उणे करा. फ्रेमभर पांढरंच असेल तर बरोब्बर उलटं, तेव्हा अधिक करावं लागतं. मधल्या मांडवावरचा पांढरा गुलाब जुलैच्या सुरुवातीला फुलतो, एरवी पानंच. ढगाळ दिवस मिळाला तर देवाचे आभार माना. पाऊस पडून गेला असेल तर पोलरायझर फिल्टर लावा, पानांवरची चकाकी जाऊन हिरवा रंग वर येतो.

ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी विचारा. वाटा अरुंद असतात आणि मागे पेन्शनर मंडळींची रांग खोळंबते. कोणी काही बोलत नाही, फक्त खोकतात. ट्रस्टच्या जागी हौशी फोटोंना बाहेर हरकत नसते. फोटो विकायचे असतील तर परवानगी हवी. ड्रोन घरीच ठेवा.

ऑक्सफर्डकर

राउशॅम. विल्यम केंट या बागरचनाकाराची बाग, १७४० च्या आसपासची, आणि फारसा हात न लागलेली. चहाचं दुकान नाही, भेटवस्तूंचं नाही, पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. डबा न्या. घरापुढच्या हिरवळीच्या कडेला खोल चर आहे, लांबून दिसत नाही. त्यामुळे गुरं थेट दारात चरताहेत असं वाटतं. याच चराला इथे ‘हा-हा’ म्हणतात. फोटोत कुंपण कुठेच येत नाही. मला तर पोळी-भाजी खात त्या लांब शिंगांच्या गायी बघायला आवडतं. झाडीतून नागमोडी जाणारा बारीकसा दगडी पाट आहे, त्याचा फोटो अजून मनासारखा आलेला नाही.

सातारकर (कॉर्नवॉल)

हेलिगन. ट्रेमेन घराण्याची इस्टेट. पहिल्या महायुद्धाआधी बावीस माळी राबायचे. युद्धात त्यातले बरेच गेले, परत आले नाहीत, आणि बाग रान माजून गडप झाली. १९९० मध्ये पुन्हा सापडली.

सगळे भलंमोठं नेचेबन आणि निजलेल्या बाईचा मातीचा पुतळा टिपतात. मी म्हणेन भाजीपाल्याच्या बाजूला माळ्यांचं संडास आहे तिकडे जा. चुन्याच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने सह्या केल्यात, ऑगस्ट १९१४. अक्षर इतकं पुसट आहे की समोरून काही दिसत नाही, बाजूने तिरपा उजेड आला तरच. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरीला पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे, तिथे लहानपणापासून जात आलोय. हवेलीच्या मालकाचं नाव मी विसरेन, पण त्या भिंतीसाठी तिकिटाचे पैसे देतो.

नर्सबाई, डर्बी

मोठ्या बागांचं तिकीट परवडत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. नॅशनल गार्डन स्कीम बघा. एरवी बंद असलेल्या खाजगी बागा ठराविक दिवशी उघडतात, थोडं तिकीट, वर चहा आणि घरचा केक. १९२७ मध्ये सुरू झालं तेव्हा माणशी एक शिलिंग घेऊन पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या, आणि पैसा गेला घरोघर जाणाऱ्या नर्सेससाठी. आजही तो परिचर्येच्या संस्थांनाच जातो. त्यामुळे मी केकचा दुसरा तुकडा हक्काने घेते.

इथे मालकीणबाई स्वतः मातीच्या हातांनी उभ्या असतात. फोटो काढू का विचारलं की फुलाचं नाव, कुठून आणलं, गोगलगायींनी किती खाल्लं, सगळं सांगतात. त्यांचे हात टिपायला मला फुलांपेक्षा जास्त आवडतं. मोठ्या हवेल्यांत माळ्यांशी बोलायला भीड वाटते, पण तेही बोलतात. कुंपणाला लावतात त्या बॉक्स नावाच्या झुडपांना अळी आणि बुरशी लागून शेकडो वर्षांची कुंपणं उपटावी लागताहेत, हे मला एका माळ्यानेच दाखवलं. पान उलटून, अळीसकट.

मिल्टन कीन्सकर

वाचतोय, मस्त धागा. आई-बाबा मेअखेरीस येताहेत. वेल्सला जाणार आहोत. बाबांना फार चालवत नाही. एकच बाग सुचवा.

रेडिंगकर

वेल्स असेल तर बॉडनंट, कॉन्वी खोऱ्यात. १८८० च्या सुमारास केलेला लॅबर्नम नावाच्या झाडांचा बोगदा आहे, पंचावन्न मीटरांचा. मेअखेरीस ते जूनच्या सुरुवातीपर्यंत छतापासून पिवळे घोस लोंबतात. आई-बाबा बहावा म्हणणारच, म्हणू द्या. लवकर पोचा, नंतर आत इतकी गर्दी होते की फोटोत डोकीच येतात. कॅमेरा खाली, जवळजवळ जमिनीलगत धरा आणि वर बघत काढा. दरीकडचा भाग उताराचा आहे, बाबांना तिकडे नेऊ नका, वरच्या गच्च्यांवर बाकं आहेत. आणि आईंना सांगा, फुलं-शेंगा पर्समध्ये टाकायच्या नाहीत. झाड विषारी आहे.