मदत हवी आहे: जुन्या पिकअपला घरीच रंग देताना रंगात खड्डे पडत आहेत

खाडीकाठचा
नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी एक जुनी पिकअप आहे. आंब्याच्या पेट्यांपासून चिऱ्यांपर्यंत सगळे तिने वाहिले आहे आणि खाऱ्या हवेने तिचा पत्रा जागोजागी खाल्ला आहे. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. गॅरेजवाल्याने सांगितलेली रक्कम परवडणारी नसल्यामुळे आठ हजारांत घरच्या घरी रंग उरकायचा, असे ठरवले आहे. डाव्या मडगार्डापासून सुरुवात केली. परंतु रंग ओला असतानाच मुगाएवढे गोल खड्डे पडतात आणि त्यांच्या तळाशी अस्तर दिसते. पुसून पुन्हा मारला तरी तेच. रंग भेसळीचा असू शकतो का? कृपया लवकर सांगावे, कारण पावसाने उघडीप दिली आहे तेवढ्यातच काम करायचे आहे.

पत्रेवाला
रंग कोणता, एनॅमल की एनसी (थिनरमध्ये पातळ करायचा नायट्रोसेल्युलोज रंग)? ब्रशने मारला की गनने? खालचा जुना रंग कंपनीचा आहे की मध्ये कोणी मारलेला आहे? एवढे कळल्याशिवाय रंगाच्या डब्याला दोष देता येणार नाही.

पुणेरी चाक
माझा सल्ला असा की, रंगाच्या भानगडीत पडूच नये. मी माझ्या मोटारीला विनाइलचे आवरण बसवून घेतले असून ते अत्यंत देखणे दिसते.

खाडीकाठचा
पुणेरी चाक, चिरे वाहणाऱ्या गाडीला आवरण बसवून काय करू? पत्रेवाला साहेब, रंग एनॅमल असून टर्पेंटाईनमध्ये पातळ केला आहे. गनने मारला. कॉम्प्रेसर चुलतभावाचा आहे. तो टायरमध्ये हवा भरायला वापरतो.

सांगलीकर काका
मग उत्तर तुम्हीच दिलेत. हवा भरायच्या कॉम्प्रेसरमधून पाणी आणि तेल दोन्ही येते. टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढावे आणि गनच्या अलीकडे पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. कोकणातल्या दमट हवेत तर त्यावाचून गन हातात घेऊच नये.

वेगवान विन्या
काका, फिल्टर बसवला तरी एनॅमल ते एनॅमलच. दोन उन्हाळ्यांत त्याची चकाकी जाते. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारावा. मी घराच्या पार्किंगमध्ये मारला होता आणि आजही त्यात तोंड दिसते.

माधवी ताई
विन्या, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने तो अडत नाही. ज्या अंगणात मुले खेळतात, तिथे हा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. मालवाहू गाडीला एनॅमल पुष्कळ झाले, आणि ते चार इंची फोमच्या रोलरनेही लावता येते. हात पातळ द्यावेत, एक हात रात्रभर वाळू द्यावा आणि पुढच्या हाताआधी 600 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात हलके घासावे.

सांगलीकर काका
ताई, रोलरने संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. भिंत आणि गाडी यांत काही फरक ठेवावा.

पत्रेवाला
पोताचा वाद नंतर करू. दोष हवेत आहे की पत्र्यावर, ते आधी ठरवावे. त्याच मडगार्डावर वीतभर पट्टा ब्रशने मारून पाहा आणि तसाच दुसरा बॉनेटवर मारा. ब्रशनेही खड्डे पडले, तर कॉम्प्रेसर निर्दोष आहे.

खाडीकाठचा
मारून पाहिले. मडगार्डाच्या खालच्या कडेला ब्रशनेही खड्डे पडले, वरच्या बाजूस कमी आहेत आणि बॉनेटवर एकही नाही.

पत्रेवाला
पावसाळ्यापूर्वी गाडीला खालून जळके ऑईल मारता का?

खाडीकाठचा
अर्थातच. दर ज्येष्ठात मारतो. कोकणात कोण मारत नाही? पण ते खालून मारतो, मडगार्डावर नाही.

पत्रेवाला
ऑईल चाकाबरोबर उडते, सांध्यांतून झिरपते आणि कडांवर चढते. तेलावरून ओला रंग मागे सरतो, तेच हे खड्डे. शिवाय आपण बहुधा आधी पॉलिश पेपर मारून मग पुसले असावे. त्याने तेल निघत नाही, उलट ओरखड्यांमध्ये दाबले जाते. आता मडगार्डाचा ओला रंग टर्पेंटाईनने पूर्ण उतरवा. त्यानंतर कपडे धुण्याच्या साबणाने कडा, सांधे आणि आतली बाजू घासून धुवावी. पत्रा कोरडा झाला की टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि ते वाळण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. फडके मळले की टाकून द्यावे, नाहीतर तेच तेल बॉनेटवर पसरेल. पेपर मारायचा तो यानंतर. गंज लखलखीत पत्रा दिसेपर्यंत काढावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्यावा. ते अस्तर हवेतले पाणी शोषते, म्हणून रंगाविना पावसात राहू देऊ नये. पोचे बुजवायला हार्डनरची लांबी (पुट्टी) भरली असेल, तर ती कोरडीच घासावी. तीही पाणी धरते आणि पुढे तिथे फोड येतात. कंपनीच्या भाजलेल्या रंगावर एनॅमल बसते, मात्र एनॅमलवर एनसी मारल्यास त्याच्या थिनरने खालचा थर सुरकुततो.

माधवी ताई
दादा, रंग कोणता देणार आहात? नोंदणीच्या कागदावर असलेला रंग बदलला, तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते. पासिंगच्या तोंडावर त्यात वेळ जाईल.

खाडीकाठचा
गाडी पांढरी आहे. लष्करी हिरवा आणला आहे, डाग कमी दिसतात म्हणून. डबा अजून अर्धाही संपलेला नाही.

सांगलीकर काका
अहो, तो रंग देऊच नका! केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव आहे. पासिंगला उभे करणार नाहीत.

वेगवान विन्या
आमच्या इथे तसल्या कितीतरी जीपा फिरतात, कोणी विचारत नाही.

माधवी ताई
फिरतात, पण पासिंगच्या ट्रॅकवर गाडी घेऊन यांना जायचे आहे, तुम्हाला नाही.

खाडीकाठचा
मग पांढराच आणतो. हिरव्याचे सीलबंद डबे दुकानदार परत घेतो म्हणाला. आज मडगार्ड साबणाने धुतले तर काळे पाणी निघाले, दोनदा धुवावे लागले. फडक्याने पुसून ब्रशचा पट्टा मारला आहे. तासभर झाला, अजून खड्डा नाही. हौद्याच्या तळाचा पत्रा मात्र चिऱ्यांनी पार सोलला आहे. त्याला रंग द्यावा की नुसते रेड ऑक्साईड?

पुणेरी चाक
हौद्यासाठी रबरी मॅट उत्तम.

पत्रेवाला
मॅटखाली पाणी अडकून पत्रा आतून कुजेल. रेड ऑक्साईडवर एनॅमलचे दोन हात द्या, आणि पाणी वाहून जाण्याची भोके लांबीने बुजलेली नाहीत ना, ते पाहा.