अनुभव धागा: सोलापुरात क्रीडामहोत्सवातलं बॅडमिंटन भरवताना

जिल्ह्याच्या क्रीडामहोत्सवात बॅडमिंटनची जबाबदारी सांभाळलेल्यांनी लिहावं. कौतुकसोहळा नको, कामाचं सांगा.

शटलवाले: ट्यूबवरचा आकडा आधी बघा. ७७ म्हणजे ७७ ग्रेन, साधारण ४.९९ ग्रॅम. तापलेली हवा विरळ असते, त्यात शटल लांब पळतं. आकडा कमी तितकं शटल हळू, म्हणून एप्रिल-मेमध्ये ७५-७६, डिसेंबरच्या सकाळी ७७. चाचणी अशी: मागच्या रेषेवरून, साइडलाइनला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीचा फटका. पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं की पास. पण सकाळी आठला पास झालेलं शटल दुपारी पत्र्याखाली रेषेपार जातं. जेवणानंतर पुन्हा चाचणी घ्याच. वेग कमी करायला खेळाडू पिसांची टोकं मोडतात, ते नियमात बसत नाही.

यात भर: इथल्या कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात, दोन स्मॅशमध्ये तुटतात. आदल्या संध्याकाळी पिसांच्या बाजूने काही सेकंद वाफ द्या. बूच ओलं होऊ देऊ नका.

पंच: नेट खांबाशी १.५५ मीटर, मध्यभागी १.५२४. दोरी दिवसभरात सैलावते, मधली उंची खाली येते. दर तीन-चार मॅचनंतर मोजपट्टी लावा. एकेरीतही खांब दुहेरीच्या रेषेवरच. सर्व्हिस मारताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं, ती मर्यादा नजरेने ठरवली की भांडण ठरलेलं!

हॉलचं: पंखे बंद. ओरडा होईल, होऊ द्या. मागच्या रेषेपलीकडच्या खिडक्या झाका, उजेडात पांढरं शटल दिसेनासं होतं. सोलापुरी चादर जाड असते, त्या कामाला उत्तम.

ड्रॉ: २२ नावं असतील तर ३२ चा ड्रॉ (सामन्यांचा तक्ता), १० बाय (पहिली फेरी न खेळता पुढे), आधी मानांकितांना. मॅच २१. तीन कोर्टांवर सात-सात, मॅचला ४० मिनिटं धरली तर ४ तास ४० मिनिटं. मॅचला तीन शटल म्हणजे ६३, सहा डझन आणा. करमाळा-माळशिरसच्या पोरांना पहिली मॅच सकाळची देऊ नका, एसटी चुकली की उगाच वॉकओव्हर. शिवाय त्याच खेळाडूचं नाव टेबल टेनिसलाही असतं, म्हणून दोन्ही ड्रॉ एकाच टेबलावर शेजारी ठेवून वेळा भरा.