भुसावळहून बऱ्हाणपूर: एक निवांत दिवस

प्रश्न: आईवडील सोबत आहेत. तापीकाठी दिवसभर निवांत फिरायचंय. क्रम कसा ठेवू?

उत्तर १: स्टेशन लालबागला, गावापासून लांब. कुंडी भंडारा (जुनी भूमिगत पाणीयोजना) त्याच बाजूला, म्हणून तोच आधी करा. नाहीतर रिक्षाचा उलटा फेरा पडतो. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी भुयारातून कुंडीकुंडीने वाहतं. खाली लिफ्टने जातात. वीज गेली की लिफ्ट बंद.

उत्तर २: जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख चुकवू नका. शाही किल्ल्यातल्या हमामातून (स्नानगृहातून) लगेच बाहेर पडू नका, अंधाराला डोळे सरावले की छतावरची रंगीत नक्षी उमटते. फार सुंदर आहे!

उत्तर ३: राजघाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, आईवडिलांना वरच बसवा. नदीपलीकडे जैनाबादला आहुखाना, म्हणजे मुघलांची जुनी हरणबाग. १६३१ मध्ये मुमताजला आधी तिथंच दफन केलं होतं. रिक्षाने पुलावरून जा. मावा जिलबी गरमच घ्या.