‘लायसन्स्ड’ म्हणजे पैसे नक्की कुणाला?

गेरूमाती: कालच्या पोस्टला वेगळा धागा काढून उत्तर देतोय, तिथे चार ओळींत मावलं नसतं. ताईंनी दिवाणखान्याचे फोटो टाकलेत. एका भिंतीवर वारली वॉलपेपर, समोर रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती, सोफ्यावर मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोच्या चित्रांच्या उशा, खाली वारली गालिचा. घर देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. डोकं फिरलं ते शेवटच्या वाक्याने: ‘सगळं लायसन्स्ड कलेक्शन आहे, रस्त्यावरची नक्कल घेणारे कलाकाराच्या पोटावर पाय देतात.’

रविवर्मा १९०६ साली गेले. आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं. फ्रिडा १९५४ साली गेली, म्हणजे तिच्या चित्रांचीही भारतातली मुदत उलटली. इथे कुठल्या कलाकाराचं पोट भरलं? आणि वारलीचा परवाना दिला कुणी? २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव जपण्यासाठी. त्यातून पाड्यावर आपोआप रॉयल्टी पोचत नाही.

भिंतभर: ती ताई मीच. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो कशासाठी? चित्रं राजवाड्यातून सामान्यांच्या भिंतीवर यावीत म्हणूनच ना? लोकांनी त्या छापील देवींना जरी-टिकल्या चिकटवून सजवलं. मला भरगच्च घर आवडतं, रिकाम्या पांढऱ्या भिंती बघून दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. जास्त पैसे मोजून, चौकशी करून घेतलं, तर त्यातही खोट काढायची?

रेघोटी: चौकशी केलीत म्हणता, करार पाहिलात का? मी कापडावरची नक्षी काढते. एका कंपनीने उशीसाठी माझी फुलवेल एकरकमी घेतली. पुढे तीच वेल पडद्यावर, ट्रेवर, कॉफीच्या मगवर. विचारलं तर कराराचं पान पुढे केलं: सर्व माध्यमांत, कायमसाठी. ट्रेच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘आर्टिस्ट कलेक्शन’, माझं नाव कुठेच नाही. तेव्हा तुमचं लायसन्स खरं असेलही, पण तेवढ्याने कलाकार जगतो असं म्हणू नका.

नवीन मुलींसाठी सांगते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच दिला असं कायदा धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. म्हणूनच ते ‘कायमसाठी’ आठवणीने लिहितात. आणि डिझाइनची नोंदणी करा. सोफ्याच्या कापडावरून मायक्रोफायबर्स कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे. कापडासाठीच काढलेली नक्षी नोंदवली नाही आणि कारखान्यातून ५० च्या वर नग निघाले, की तिच्यावरचा कॉपीराइट गेला.

पाड्यावरून: तुम्ही सगळे पैशावर अडलात. त्या गालिच्याच्या मधोमध काय आहे ते कुणी पाहिलं का? चौकटीत उभी आहे ती पालघाट. लग्नाच्या चौकातली देवी. सवासिणी तांदळाच्या पिठाने तो चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, त्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. माझ्या आजीने कित्येक घरांत चौक लिहिला. फोटोत देवीच्या अंगावर चहाच्या टेबलाचा पाय आहे.

ठाणेकर_नाना: पण तुमचेच कलाकार पिशव्या, मग, पंखे रंगवून प्रदर्शनात विकतात, तेव्हा देवी आठवत नाही? चौक बायकांनी लिहायचा, तर मग वारली चित्रकार जिव्या सोमा माशे पुरुष असून कागदावर रंगवू लागलेच ना? पद्मश्रीही मिळाली २०११ मध्ये. विधी तेव्हाच घराबाहेर पडला.

पाड्यावरून: नाना, पिशवीवर तारपा असतो, म्हणजे तारपा वाद्याभोवतीचा नाच, शेतीची कामं असतात, लग्नाची वरात असते. ते आम्ही विकतो आणि विकणारच, पोट आहे. तारपा आणि चौक यांतला फरक माहीत नसताना माशेबाबांचं नाव घेऊन आम्हाला शिकवू नका. त्यांनी देवी कागदावर आणली, पायाखाली नाही.

ठाणेकर_नाना: आवाज चढवू नका. शहरातल्या माणसाला हा फरक सांगितला कुणी? दुकानातल्या लेबलवर ‘ट्रायबल मोटिफ’ एवढंच असतं.

गेरूमाती: नाना, हे मात्र तुम्ही बरोबर बोललात, नाइलाजाने मान्य करतो. दोष लेबल छापणाऱ्याचा आहे. एखाद्या वारली बाईला विचारून डिझाइन केलं असतं तर हा चौक गालिच्यावर आलाच नसता. परवाना घेणं म्हणजे आधी विचारणं, आणि इथे विचारलेलंच दिसत नाही.

पाड्यावरून: विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारत नाहीत.

भिंतभर: गालिच्याचं मान्य. सकाळीच काढला. मला खरंच माहीत नव्हतं आणि वाईट वाटलं. बाकीचा एक शब्दही मागे घेत नाही. कंपनीला मेल केलाय: वारली डिझाइन कुणाचं, पैसे एकदाच दिले की नगामागे, खोक्यावर नाव का नाही. उत्तर आलं तर इथे टाकेन. पण जिथे विचारायला दारच नाही अशी रस्त्यावरची नक्कल यापेक्षा बरी कशी, हे तुमच्यापैकी एकानेही अजून सांगितलेलं नाही.