सोसायटीच्या ग्रुपवर जुना विषय परत काढायचाय, जुन्याच मेसेजला रिप्लाय करू का?

सातवा_मजला:
मुलुंड पूर्वेला राहतो, सात मजली बिल्डिंग, आम्ही सगळ्यात वर. २०२३ च्या जुलैत आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी यायला लागलं होतं तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार-पाच दिवस चर्चा चाललेली, आणि तेव्हाचे सेक्रेटरी काका, आमच्या खालीच सहाव्यावर राहायचे, त्यांनी एक लांबलचक मेसेज टाकला होता, गच्चीचा कोबा कुठे फुटलाय, टाकीच्या मागे पाणी का साचतं, तीन कॉन्ट्रॅक्टरांची कोटेशनं, सगळं तारखांसकट. मग डागडुजी झाली, दोन पावसाळे बरे गेले. आता परत डाग, त्याच जागी.

तो मेसेज मी शोधून काढलाय. पण काका गेल्या डिसेंबरात वारले. त्यांचा नंबर अजून ग्रुपमध्ये आहे, फोन काकू वापरतात. मी रिप्लाय केला की काकांचं नाव सगळ्यांच्या स्क्रीनवर येणार, काकूंच्याही. शिवाय त्याच चर्चेत पुढे पाचव्यावरच्या दोन घरांचं खर्चावरून भयंकर वाजलं होतं, आता त्यांचं एकमेकांकडे जाणंयेणं आहे, ते परत उकरलं जायला नको. आणि नव्याने विषय काढला तर "कुठून गळतंय, फोटो टाका, आधी काय केलं होतं" इथपासून सुरुवात. काय करावं?

स्पष्ट_बोलतो:
सरळ जुन्या मेसेजला रिप्लाय करा. नवीन सुरू केलं की पुन्हा तेच साठ मेसेज, प्रत्येकाला आपलंच पहिल्यांदा सुचलंय असं वाटतं. ज्याला संदर्भ हवा तो रिप्लायच्या वर जुन्या मेसेजची जी चौकट दिसते तिच्यावर बोट ठेवून मागे जाऊन वाचेल.

गोरेगावकरीण:
नाही पटलं. मागे जाऊन कोणी वाचत नाही, आणि नंतर ॲड झालेल्या लोकांना २०२३ चे मेसेज दिसणारच नाहीत, त्यांना फक्त ती छोटी चौकट दिसते. त्या चौकटीवर तारीख नसते हा सगळ्यात मोठा घोळ आहे. आमच्याकडे एका आजींनी "उद्या सकाळी पाणी येणार नाही" अशा जुन्या मेसेजला काहीतरी उत्तर दिलं, त्यांना दुसरंच विचारायचं होतं, पण रात्री दहाला आख्ख्या विंगने पिंप, टोप, बादल्या भरून ठेवल्या आणि टाकी रिकामी झाली म्हणून सकाळी वरच्यांना खरंच पाणी नाही. तेव्हापासून मी जुन्या कशालाही हात लावायचा असेल तर नवा मेसेज लिहिते, पहिल्याच ओळीत महिना आणि वर्ष, मग तेव्हा काय झालं ते दोन-तीन ओळीत, मग आज काय हवंय ते. काकांच्या मेसेजमधला कोब्याचा आणि टाकीचा भाग तेवढा कॉपी करून घाला, "काकांनी जुलै २०२३ मध्ये लिहिलेलं" असं म्हणून. भांडणाचा भाग आपोआप मागे राहतो.

सेक्रेटरी_बोरिवली:
वरच्या ताईंशी सहमत. मी नऊ वर्षं सोसायटीचं काम बघतोय. जुनी माहिती उचलताना ती अजून लागू आहे का ते आधी बघायचं. आमच्याकडे कोणीतरी "मेअखेर काम उरकलं तरी चालतं, पाऊस दहा जूनला" असा जुना मेसेज वर काढला, सगळ्यांनी मान डोलावली, आणि २०२५ ला मुंबईत पाऊस २६ मेलाच आला. आमचा कोबा अर्धा फोडलेला होता. खालच्या घरात गाद्या भिजल्या. तुमची तीन वर्षांपूर्वीची कोटेशनं पण तशीच धरा, आकडे टाकूच नका, लोक त्यावरच अडून बसतात.

दुसरं म्हणजे ग्रुप हे सोसायटीचं दप्तर नाही. आमच्या ग्रुपला एकदा कोणीतरी ९० दिवसांत मेसेज जाण्याचं सेटिंग लावलं, नंतरचं सगळं तीन-तीन महिन्यांनी उडत गेलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. जुना विषय परत काढायची खरी जागा सभा आहे, तिथे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतात तेच मुळात त्यासाठी. आणि भांडणाची भीती वाटते म्हणून सांगतो, आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, यावर नियमच आहे, सर्वसाधारण सभेत झालेला ठराव रद्द करणारा ठराव सहा महिने झाल्याशिवाय परत सभेपुढे आणता येत नाही. म्हणजे मिटलेलं लगेच उकरायचं नाही, पण कायमचं बंदही करायचं नाही. हे मला फार योग्य वाटतं. तुम्ही कमिटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतेच, तिची नोटीस १४ दिवस आधी निघते, त्याच्या आधी विषयपत्रिकेत घालायला सांगा. आयत्या वेळच्या विषयांत ढकललंत तर तोपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात.

परळची_लेक:
सगळे ग्रुपचं बोलतायत, मी काकूंचं बोलते. माझे बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एकांनी बाबांच्या जुन्या मेसेजला रिप्लाय केला, पखवाज कुठे दुरुस्त करून मिळतो ते बाबांनी कधीतरी लिहिलं होतं. फोन आईजवळ. तिने नाव बघितलं आणि हातातलं काम सोडून बसून राहिली, बोलेचना. संध्याकाळी मात्र तिने मला तो मेसेज तीनदा वाचून दाखवला, बाबांची माहिती अजून कोणाच्या कामाला येतेय याचं तिला बरं वाटत होतं. रिप्लाय करणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, पण आधी एक फोन केला असता तर तो पहिला धक्का बसला नसता. तुमच्या तर एकच जिना खाली आहेत. ग्रुपवर काही टाकायच्या आधी जाऊन या, मेसेज दाखवा, विचारा. आणि कॉपी केलंत तर काकांचं नाव गाळू नका. नाव आलं म्हणून वाईट वाटेल असं आपल्याला वाटतं, नाव गाळलेलं दिसलं तर जास्त लागतं.

सातवा_मजला:
काल संध्याकाळी जाऊन आलो. मेसेज दाखवला तर काकूंनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "याची फाइल आहे, थांब." कपाटातून काढून दिली, त्यात तिन्ही कोटेशनं आणि काकांच्या हातचं गच्चीचं पेन्सिलने काढलेलं चित्र, टाकीच्या मागे एक गोल करून लिहिलंय, "हे पाइपचं तोंड, दर मे महिन्यात बघणे". हे मेसेजमध्ये नव्हतं. यंदा मेमध्ये कोणीच बघितलेलं नाही.

ग्रुपवर नवा मेसेज टाकला, पहिल्या ओळीत जुलै २०२३, काकांचं नाव, कोब्याचा भाग आणि त्या चित्राचा फोटो, काकूंना विचारूनच. आकडे नाही, इतर कोणाचे मेसेज नाहीत. अर्ज आज कमिटीला दिला, पोच घेतली. पाचव्यावरचे दोघंही सकाळी वॉचमनबरोबर वर गेले, पाइपच्या तोंडाशी सिमेंटची जुनी गोणी अडकलेली होती. ती काढल्यावर दहा मिनिटांत टाकीमागचं पाणी उतरलं. छताचा डाग अजून ओलाच आहे, दोन दिवस उघडीप मिळाली की कळेल.